दिवसभराचा पाय

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे,
तांदळाच्या दाण्याएवढा.
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं,
नव्या पेठेत, स्टुलावर बसून,
मैनुद्दीन नावाच्या पोरानं
पत्र्याच्या मापावर टाच टेकवायला लावली तेव्हा.

आधीचे तीन जोड वाया गेले.
पहिल्याचा तळ सुटला एप्रिलात, नान्नजच्या माळावर.
उन्हानं डिंक वितळला, तळ जिभेसारखा लोंबायला लागला.
ओढणीची किनार फाडून बांधला,
तसाच फरफटत आणला गाडीपर्यंत,
आणि वहीत लिहिलं:
चंडोल सतरा, धाविक चार, बूट एक.

दुसरा दिसायला फार देखणा. जाळीचा, हलका.
दिवाळीनंतर गवत पिकलं
आणि जाळीच्या भोकाभोकातून कुसळं आत आली.
रात्री चिमट्यानं मोजे सोलत बसले होते.

तिसरा पुतण्याचा, एक नंबर मोठा, पुढं कापूस कोंबून.
ओढ्यात उतरताना पाय पुढं सरकला
आणि अंगठ्याचं नख काळं पडलं.
जाऊबाई म्हणाल्या, या वयात माळावर काय ठेवलंय?
म्हटलं, काय ठेवलंय तेच मोजायला जाते.

म्हणून या वेळी आधी फोन केला.
‘संध्याकाळी या अक्का,’ मैनुद्दीन म्हणाला,
‘दिवसभराचा पाय घेऊन या.
सकाळचा पाय खोटं बोलतो.’

शाळेची प्रयोगशाळा बंद करून गेले.
दिवसभर उभं राहून पाय सुजलेले,
पिशवीत माळावरचे जाड मोजे.
त्यानं सहा खोकी उघडली.
मी एकेक बूट उचलून
ट्यूबलाइटपुढं धरला.

आमचे नायना चादर अशीच बघायचे.
उजेड गळला तर वीण सैल,
मग धूळ येणार, थंडी येणार,
गिऱ्हाईक परत येणार.
मैनुद्दीन आधी हसला.
मग त्यानंही एक धरून बघितला,
आणि तो बाजूला ठेवला.

‘टोचूलालंय का कुठं?’
करंगळीपाशी जरा.
‘मग हे नको. सैल होईल म्हणतात सगळे,
होत नाही, आपणच सोसतो.’
विकायला बसलेला माणूस असं बोलला.

नायनांना कुणी कधी नंबर विचारला नाही.
खड्ड्यात पाय सोडून बसायचे,
पावडीवर पावडी, खाट खूट, खाट खूट,
बोटं पंख्यासारखी पसरलेली.
माझ्या लग्नात मामांनी त्यांना काळे बूट आणले.
मांडवभर ते हातात घेऊन फिरले,
पाहुणे समजले, कुणाचे तरी हरवलेत.

मी पावडी मारली ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत.
तेवढ्यानं पाय वाढत नसतो.
तरी मापाच्या पत्र्यावर
उजवी टाच टेकवून मी जरा जास्तच वेळ बसले.

पाचवा जोड.
अंगठ्यापुढं अर्धं बोट जागा,
टाच धरलेली, आवळलेली नाही.
‘माळ्यावर चढा, उतरा. तीनदा.’
लाकडी जिना, खोक्यांची भिंत, कातड्याचा नि रबराचा वास.
उतरताना नख कुठंच लागलं नाही.
डाव्यात त्यानं एक पातळ गादी सरकवली:
‘माप मोठ्या पायाचं घ्यायचं, अक्का.
लहान्याची समजूत काढता येते.’
चौतीसशे. एक रुपया कमी केला नाही.

आठवडाभर घरात घालून हिंडले,
गच्चीवर, दळण आणायला, भाजीला.
रविवारी पहाटे माळावर पोचलो.
पहिला तास बुटाकडं लक्ष होतं,
मग एक चंडोल सरळ वर गेला
आणि लक्ष त्याच्याबरोबर गेलं.

परत फिरताना तळ्याच्या ओल्या काठावर
माझेच ठसे दिसले.
दोन्ही सारखे.
उजवा मोठा, हे चिखलाला कळलंच नव्हतं.
आणि त्यातल्या एकावर,
टाचेच्या नक्षीत नेमका,
खोकडाचा ताजा पंजा.

जाताना नव्हता तो.
वहीत ठशांच्या रकान्यात लिहिलं: एक.
मग बुटाची नाडी सुटली होती ती बांधली.